सदतीस नंबर

पहाटे साडेपाचला कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत
मी दोन वाट्या पालथ्या घालते.
एकीखाली कोंबडीचा तुकडा,
दुसरीला आतून नुसता रस्सा पुसलेला,
म्हणजे वासावरून निवाडा होऊ नये.
मग मधोमध उभं राहायचं
आणि बोट दाखवायचं.
तीन सेकंद. डोळे जमिनीकडे.

मे महिना. दहानंतर या गावात
कुत्रं काय, सावलीसुद्धा रस्त्यावर थांबत नाही.
सगळी कूलरखाली, ठिबकत्या पाण्यात पोट टेकून.
म्हणून पहाट.

लांजेवार सरांचा प्रश्न साधा आहे:
ज्यांना कुणी पाळलं नाही,
बस, ऊठ, आण शिकवलं नाही,
ज्यांनी माणसाचा हात बहुतेक वेळा
दगड उचलतानाच पाहिला,
ती माणसाच्या बोटावर विश्वास ठेवतात का?

ठेवतात.
मलाही खरं वाटलं नव्हतं.

सदतीसवी तांबडी, कानाला नसबंदीची चीर.
डोमाजी पोहेवाला तिला सरपंचीण म्हणतो.
फॉर्मवर नावाला जागा नाही.
"नमुना आहे बाई हे," तो म्हणाला,
आणि मी म्हटलं, हो, सदतीसवा.

ती आली. शेपूट खाली, टोक तेवढं हलतं.
बोट उजवीकडे: उजवीकडे गेली,
वाटी नाकानं उलटवली, खाल्लं.
बोट डावीकडे: तिकडे गेली, खाल्लं.
आता फसवायचं,
असं कागदावर लिहिलेलं नाही.
लिहिलंय: असत्य संकेत, तीन वेळा.

मी रिकाम्या वाटीकडे बोट केलं.
ती गेली. उलटवली. चाटली.
मग मान वर करून
वाटीकडे नाही, बोटाकडे नाही,
माझ्याकडे बघितलं.

माझ्याकडे रकाने आहेत:
जवळ आली, आली नाही,
वेळ सेकंदांत, कान, शेपूट,
नजर: आहे किंवा नाही.
मी "आहे"वर खूण केली.

दुसऱ्यांदाही ती बोटाच्याच दिशेनं गेली.
मला वाटलं, संधी दिली तिनं.
असं वाटणं चूक, सर म्हणतात,
आपण आपलं मन त्यांच्या अंगात घालतो,
मापाचं नसलं तरी.

तिसऱ्यांदा नाही.
बसली. जांभई दिली.
जांभई म्हणजे ताण. तेही लिहिलं.

डोमाजी तर्री ढवळत सगळं बघून राहिला होता.
"खोटं बोलून राहिल्या ना बाई तुम्ही तिच्यासंग."
बोलले कुठे, मी म्हटलं, बोट केलं फक्त.
"तेच त म्हनतो. तिले त बोलताबी येत नाही."

अहवालात हे एका ओळीत बसलं:
संकेत खोटा ठरल्यास प्रतिसाद घटतो.
सरांना आलेख आवडला,
रेघ कशी छान खाली उतरत गेलेली.

रविवारी मी फॉर्म न घेता गेले.
डब्यातला अख्खा तुकडा, एक वाटी, बोट,
सगळं खरं.
ती बोटाकडे बघत राहिली,
बंद पडलेल्या दुकानाची पाटी
आपण जाता जाता वाचतो, तशी.
मग मीच वाटी उचलली, तुकडा उघडा केला,
चार पावलं मागे सरले. तरी नाही.
पाठ फिरवली तेव्हा कुठे
हाड फुटल्याचा आवाज आला.
किती सेकंदांनी, ते मोजलं नाही.

ऊन चढायला लागलं होतं.
"पोहे घेता का? तर्री किती टाकू?"
मी बोटांच्या चिमटीनं दाखवलं, एवढीशीच.
डोमाजीनं माझ्या हाताकडे बघितलं
आणि तेवढीच टाकली.