हुमाट

सीपीआरचा तळमजला, खोली नंबर नऊ.
धाकलू झोरे, वय बहात्तर,
राधानगरीच्या वरचा धनगरवाडा.
उजवा हात लुळा, वाचा गेलेली.
मी गेलेली वाचा परत आणते.
मला पगारच त्याचा मिळतो.

पिशवीतून कार्डं काढली :
सफरचंद. छत्री. रेल्वे. जिराफ.
जिराफापाशी ते हसले, डाव्या गालानं.
मी लिहिलं, ओळखत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात बाहेरचा जनरेटर बंद पडला
आणि खोलीत एकदम काहीच वाजेना.
त्यांनी मान उचलली, नाकपुड्या फुगवल्या,
म्हणाले, "हुमाट."
स्वच्छ. शेवटचा टसुद्धा अडखळला नाही.

सून डबा घेऊन दारात.
"काय की ओ बाई, जुन्या माणसांचं बोलणं.
गवा उठायच्या आधी रान गप हुतंय न्हवं,
तसलं कायतरी. का गवा गेल्यावरचं?
मी नांदाय आले तवा
आमाला खाली आणून बसवलंतं.
आता गवा उसात येतोय,
पण उसाला कुठलं गप बसाय येतंय.
पोरं नुसती मोबाईल काढत्यात."

रात्री कोश चाळला. नाही.
गोंगाट, कडकडाट, किलबिलाट,
हे आटचं शेपूट आपण आवाजालाच लावतो.
गप्प असणारा एकच, शुकशुकाट,
तोही बाजार उठल्यावरचा,
माणसं निघून गेल्याचा.

मग कार्ड करायला बसले.
चित्र काय काढायचं?
झाडं काढली, खोडली.
गवा काढला तर तो गवाच झाला.
शेवटी कोरंच ठेवलं, गठ्ठ्यात,
छत्री आणि रेल्वेच्या मधे.
ते आलं की धाकलूबा बोटानं चाचपायचे,
उलटं करून बघायचे, परत द्यायचे.

दसऱ्यापर्यंत ते म्हणू लागले,
पाणी. लाईट. चहा. बिल.
प्रगती समाधानकारक, सही माझी.
त्याच कागदावर वर, माझ्याच अक्षरात :
निरर्थक ध्वनी, एक.
पेन टेकवलं. खोडून काय लिहिणार?

परवा रंकाळ्यावर दिवे गेले.
भेळेच्या गाड्या, गाणी, कठड्यावरची पोरं,
कुत्रीसुद्धा, क्षणभर थांबलं सगळं.
पाण्याच्या बाजूला काहीतरी उठतंय असं वाटलं
आणि तो शब्द माझ्या तोंडात आला.
बरोबर वापरला का चूक,
विचारायला राधानगरीची एसटी धरावी लागेल,
आणि धाकलूबा आता म्हणतील,
चहा?

तेवढ्यात कुणाचा तरी इन्व्हर्टर लागला.