चौदा नंबर

अजमान, जुर्फची इंडस्ट्रियल बाजू.
टायरच्या गोदामामागे आमचं मांजरघर:
अकरा पिंजरे इकडे, दहा तिकडे,
समोरासमोर,
मधे माझ्या मॉपपुरती वाट.

जुलैत जागा संपते.
कुणी सुट्टीला जातं, पंधरा दिवसांचे पैसे भरून.
कुणी कायमचंच जातं
आणि मग त्यांचा फोन लागत नाही.

चौदा नंबरवर चिठ्ठी होती:
बिस्किट. वय सहा. उकडलेली कोंबडी आवडते.
ती वाळूच्या ट्रेमधे बसून राहिली,
चार दिवस.
कोंबडी एका हातावर, स्वतःची घाण एका वितीवर,
आणि समोर तीन नंबरचा सुलतान,
फाटक्या कानाचा,
पापणी न हलवता बघणारा.

'झोपलीय, शांत आहे,' पोऱ्या म्हणाला.
डोळे मिटलेले होते खरे.
कान मात्र दर आवाजाला वळत होते,
फ्रीज, कुलूप, माझी चप्पल.
आमच्याकडे म्हणतात, मांजर डोळे मिटून दूध पिते,
तिला वाटतं कुणी बघत नाही.
हिला नेमकं माहीत होतं, कोण कोण बघतंय.

रेमेडिओस रोज कागदावर एक आकडा लिहिते,
एक ते सात.
सात म्हणजे भीतीने गोठलेलं.
चौदापुढे सहा. सहा. सहा. सहा.

मी टेप लावली. दोन फूट बाय अडीच.
डॉक्टर हुदाला म्हटलं, मोठा पिंजरा द्या.
ती म्हणाली, मोठा नाहीये. आणि तेवढ्याने भागणारही नाही.
आडोसा दे.
हा शब्द ती बोलली नाही अर्थात,
तिच्या हिंदीत ती 'छुपने का कुछ' म्हणाली.
आडोसा मला ऐकू आला.

लबनचं खोकं कापून आत ठेवलं.
एका रात्रीत भिजून खाली बसलं.

माझी खोली शारजात, रोलाला. नऊ जण.
माझा वरचा बेडस्पेस, सहा फूट बाय अडीच,
त्याला बायकोचं जुनं पातळ पडदा म्हणून,
जांभळं, काठ उसवलेलं.
गुरुवारी रात्री ते मधोमध फाडलं.
आवाज एवढा झाला
की तीन जण उठून बसले.

पहिल्या दिवशी काही नाही.
दुसऱ्या दिवशी कोंबडी गेलेली, कधी ते कळलं नाही.
तिसऱ्या पहाटे पातळाखालून एक पंजा बाहेर,
नुसताच, कुणाचा तरी विसरलेला मोजा असावा तसा.
मग आत चाटण्याचा आवाज.
मी मॉप भिंतीला टेकवून उभा राहिलो.
सुलतानला बघायला आता जांभळं कापड होतं.

रेमेडिओसने चार लिहिलं.
पिंजरा धुतो तेव्हा ते पातळ मी धूत नाही.
वास जाईल.
हे मॅडमना सांगितलेलं नाही.

खोलीवर बशारत खालच्या बंकवरून म्हणाला,
यार, रात्री तुझे पाय दिसतात आता.
म्हटलं, दिसू देत.
डोकं झाकलंय ना.