पेटीला कान लावून

लोव्रेन्त्स, अँब्रोज संताच्या दिवशी
चौदा पेट्यांपैकी तीनच बोलल्या.
बाकीच्या अकरांवर टकटक केली
तर माझ्याच बोटांचा आवाज परत आला,
रिकाम्या रांजणातून यावा तसा.

तू होतास तेव्हा हे काम तुझं.
मला एवढंच शिकवलंस, उघडायचं नाही.
"हिवाळ्यात झाकण उघडून बघणारा
मायेनंच मारतो त्यांना."
मी मान हलवायचे
आणि रात्रीच्या सूपचा विचार करायचे.

तू गेलास त्या संध्याकाळी रीतीप्रमाणे
किल्लीनं तीनदा ठोकून
मी एकेका पेटीला सांगितलं:
धनी गेला. आता मी आहे. राहा.
अकरांनी ऐकलं नाही
की फार ऐकलं, देव जाणे.
शेजारचा उर्बान म्हणतो, कीड होती,
तांबूस, मोहरीहून बारीक,
उन्हाळ्यातच लागलेली.
असेल. तो शिकलेला आहे.

टिनेचा दर रविवारी ग्राझहून फोन येतो:
आई, विकून टाक सगळं, इकडे ये,
लिफ्ट आहे, हीटर आहे, पोरं आहेत.
सगळं खरं आहे. मी हो म्हणते.
मग फोन ठेवते, शाल घेते,
बर्फ तुडवत खाली जाते.

उजवीकडून तिसरी पेटी आठवते?
फळीवर तुझ्या पणजोबांनी रंगवलेला सैतान,
चाक फिरवून बाईच्या जिभेला धार लावणारा.
"ही बघ तू," म्हणायचास पाहुण्यांसमोर.
आता घरात बोलायला कुणी नाही,
धार गंजत चालली आहे.
पण त्या पेटीत अजून जीव होता.

नवे पाद्रीबाबा श्रद्धेवर बोलतात.
छान बोलतात. हात फार गोरे आहेत त्यांचे.
मला तेवढं मोठं झेपत नाही.
मला इतकंच ठाऊक:
आत मूठभर अंधार आहे,
त्यात त्या एकमेकींना बिलगून थरथरतात
आणि थरथरण्याचीच ऊब करतात.
गारठलेल्या हळूच आत सरकतात,
ऊब खाल्लेल्या बाहेर येतात,
पाळ्या कुणी लावून दिलेल्या नाहीत.
मधोमध राणी.

हे मी पाहिलेलं नाही.
तू सांगितलंस.
तूही पाहिलं नव्हतंस.

जानेवारीत एका रात्री पारा उणे एकोणीसवर गेला.
त्रिग्लावकडून असा वारा सुटला
की घराच्या खिळ्यांना कापरं भरलं.
मी पटाशी घेऊन खाली गेले.
म्हटलं, मेल्या असतील तर मेल्या,
पण मला कळू दे,
वाट पाहणं तरी संपू दे.
पटाशीचं टोक फटीत घातलं.
कान फळीला लावला.
काहीच नाही.
माझंच रक्त वाजत होतं कानात,
की त्या होत्या, सांगता येणार नाही.
उभी राहिले, पायांची जाणीव जाईपर्यंत.
मग पटाशी काढली आणि घरी आले.

का, ते विचारू नकोस.
श्रद्धाबिद्धा नव्हती रे.
बेचाळीस वर्षं तुझ्या हाताला पाहून
माझ्याही हाताला सवय लागली होती
न उघडण्याची.
त्या रात्री माझ्यापेक्षा हातालाच जास्त कळत होतं.

आज दुपारी ऊन पडलं.
छपरावरून बर्फ घसरला, धप्पकन,
मांजर पळालं.
दोरीवर तुझी ती जाड पांढरी चादर
वाळत घातली होती.
आत आणायला गेले
तर चादरभर पिवळे ठिपके!
सगळा हिवाळा पोटात दाबून धरलेलं
पहिल्याच उड्डाणात मोकळं केलं होतं त्यांनी,
आणि जागा शोधली ती ही.

मी वर पाहिलं. मोजल्या नाहीत.
तीनपैकी एक पेटी कधी गप्प झाली
ते मला कळलंच नाही.
दोन आहेत.
सैतानाची चालू आहे.

खूप हसले मी, लोव्रेन्त्स.
मोठ्यानं, एकटीच, अंगणात.
उर्बाननं खिडकी उघडून पाहिलं
आणि शहाण्यासारखी लावून घेतली.

चादर पुन्हा धुवायला हवी.
राहू दे आज.