दुसरा सोऱ्या

सासूबाईंनी आधीच बजावलं,
चकलीच्या सोऱ्याला हात लावशील तर बघ.
मग मांजरीच्या बाजारातून दुसरा आणला,
ॲल्युमिनियमचा, दांडा जरा वाकडा.
त्यावर नेलपॉलिशनं लिहिलं 'मासे',
दिवाळीत घोटाळा नको.

पेंड घाण्यावरची, शेंगदाण्याची.
कोंडा भाताच्या गिरणीतला, चाळून.
मूठभर सुकट, भाजून कुटलेली,
आणि चिकटपणाला मैदा, तोही जरासाच.
पाणी कमी पडलं तर भुगा, जास्त झालं तर लापशी.
गच्चीवर जुनी साडी अंथरायची, शेव पाडायची,
कावळे हाकलायला रेवतीला बसवायचं.
कंपनीचं पोतं परवडत नाही असं नाही.
परवडतं.
पण मग मासा परवडत नाही.

हौद मागच्या दारचा,
घर बांधताना विटा भिजवायला केलेला.
त्यात एकशेवीस बोटुकली,
हडपसरहून, हवा भरलेल्या पिशवीतून,
ह्यांच्या स्कूटरवर, माझ्या मांडीवर.
पिशवी अर्धा तास तशीच तरंगू दिली,
पाण्याला पाण्याची ओळख पटायला.
पहिल्या आठवड्यात अकरा गेली.
रेवतीच्या भूगोलाच्या वहीत, मागच्या पानावर,
मी अकराचा आकडा लाल पेनानं लिहिला.
ती चिडली,
लाल पेन फक्त बाई वापरतात.

वैशाखात एका रात्री लाईट गेली.
पंप बंद, बुडबुडे बंद.
तीनच्या सुमाराला आवाज आला,
कुणी बशीतून चहा ओढतंय तसा.
बॅटरी मारली तर सगळे वर,
तोंडं उघडी, हवा चावत होते.
मग काय, तांब्या, बादली, कुकरचं भांडं,
पाणी उचलायचं, उंचावरून ओतायचं,
उचलायचं, ओतायचं.
सासूबाई मासा खात नाहीत,
शिजतो त्या दिवशी स्वयंपाकघरात येत नाहीत.
त्या उठल्या, पदर खोचला,
पिठाची चाळण घेऊन आल्या.
म्हणाल्या, यातून ओत, धारा बारीक पडतील.
उजाडेपर्यंत कुणी बोललं नाही.
सकाळी माझे हात वर होईनात,
रेवतीनं माझी वेणी घातली, वाकडी.
चाळण परत पिठाच्या डब्यावर गेली नाही.
त्याबद्दलही कुणी बोललं नाही.

माझे वडील भिगवणचे, गेनू नगरे.
उजनीच्या पाण्यात चाळीस वर्षं होडी घातली,
माशाला कधी घास भरवला नाही.
हौदाचं ऐकून हसले होते,
मासा पाळतेस? कोंबडी आहे का ती?
या दिवाळीनंतर त्यांच्याकडे एक रोहू नेला,
थर्माकोलच्या डब्यात, बर्फात,
अर्ध्या किलोला थोडा कमी.
एसटीत शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, केक आहे का.

आईनं कालवण केलं.
त्यांनी शेपटीकडचा तुकडा घेतला,
काटे एकेक करून ताटाच्या कडेला लावले,
लावणी करावी तसे.
बराच वेळ चावत राहिले.
गोड आहे, म्हणाले.
पण पळालेला नाही.

मी काही बोलले नाही. त्यांना भात वाढला.

दुपारी निघताना ते काठावर बसले होते.
जाळ्यात नुसती चिलापी,
बोटाएवढी, विकायला लाज वाटेल अशी.
त्यातली दोन त्यांनी परत पाण्यात टाकली,
मग हात धोतराला पुसत, माझ्याकडे न बघता,
पेंड कुठनं आणतेस, म्हणाले.

मी सांगितलं.
कोंडा किती, सुकट किती,
मैदा किती, तेही.
सोऱ्याचं नाही सांगितलं.
हसले असते.