दिव्यापुढची जागा

एस्बियर्गच्या बंदरावर डिसेंबरात चारलाच अंधारतं.
तिसऱ्या मजल्यावर, मच्छीमारांच्या पेन्शनच्या हिशोबात,
सोमवारपासून मी एकाच ओळीसमोर बसून आहे.
ओळ कसली, कुणाच्या तरी हातून खिळे सांडलेत:
⌽ ⍉ ⍋ ⍴
ना अक्षर ना आकडा.
कुणाला विचारावं तर यांचा उच्चारही येत नाही.

गुरुवारी राग्नहिल्ड येते. वय एकोणऐंशी,
पिशवीत राईचा पाव, मफलरला खारा वास.
आधी कोट काढते, चष्मा पुसते.
"उजवीकडून वाच, सिग्ने.
जाळं ओढतात तसं. शेवटी टाकलेलं आधी हाती येतं."

मग ⌽ वर बोट ठेवते.
"हे वर्तुळ म्हणजे तुझे आकडे. उभी रेघ ही बिजागरी.
फिरव."
मी मनातल्या मनात दार फिरवते
आणि पहिला आकडा शेवटी जाऊन बसतो.
⍉ ची रेघ तिरकी: ओळींचे रकाने, रकान्यांच्या ओळी.
एवढंच?
एवढंच. चार दिवस मी चित्राला कोडं समजत होते.

⍋ मात्र अडतं. मला वाटलं, लहानमोठं लावून देत असेल.
नाही. ते कुणाला जागचं हलवत नाही,
फक्त सांगतं, रांग लावायचीच झाली
तर आधी तिसरा, मग पहिला, मग दुसरा.
"हेनिंगसारखं," ती हसते. "सांगायचा. उठायचा नाही."
हे सगळं हेनिंगनं लिहिलंय, अठ्ठ्याहत्तर साली.
तिचं टेबल शेजारी होतं.

आणि ⍴?
एकट्यासमोर आलं तर विचारतं, तुझा आकार काय.
दोघांच्या मध्ये उभं राहिलं तर आकार देतं.
यावर ती काही बोलत नाही. पाव कापते.

एकेचाळिसाव्या ओळीत नुसतं ⍝, पुढे कोरं.
"हा दिवा. याच्यापुढचं यंत्र वाचत नाही,
ते माणसांसाठी."
पण पुढे काहीच नाही.
"आधी दिवा लावायचा, मग शब्द शोधत बसायचा.
जेवायची सुट्टी झाली असेल."

तिची बस गेल्यावर
बेचाळिसावी ओळ मी उजवीकडून वाचते, एकटी, अडखळत.
ज्यांची बोट परतलेली ~ नाही.
ज्यांच्या मृत्यूची तारीख ~ नाही.
त्यांचं वय कुठवर मोजायचं.

खाली एक ट्रॉलर भोंगा देतो.
दिव्यापुढे मी कर्सर नेते,
थोडा वेळ तो तिथे लुकलुकतो.
मग फाईल बंद करते.