काटा

अंगणवाडीच्या काट्याची स्प्रिंग दिवाळीतच लोंबली.
एक अर्ज दिला, दुसरा दिला,
तिसऱ्यावर सुपरवायझर बाईंनी शेरा मारला : पाठपुरावा सुरू.
वजनाची तारीख काही थांबत नाही,
म्हणून मी घरातला काटा आणला.

घरातला म्हणजे मालकाचा, आमच्या ह्यांच्या ताब्यातला.
वेचणीच्या दिवसांत सांजच्याला धुऱ्यावर
बाभळीच्या फांदीला टांगतात तो,
लाल आकड्यांचा.
हुकाच्या टोकाला कापसाचं बोंड अडकलेलं होतं,
ते काढलं, झोळी अडकवली,
आणि पोडावरची लेकरं एकेक करून टांगली.

जंगूबाईची नात. लिहिलं.
जुळ्यांतली एक. लिहिलं.
दुसरीच्या नावापुढं जूनपासून रेघ आहे.
सुगंधा टेकामचा रितिक, दीड वर्षाचा, सात किलो दोनशे.
बाविसांत चौदा लाल.
मागच्या महिन्यात पाच होते.

मी रितिकला पुन्हा टांगलं. तो रडलासुद्धा नाही,
हुकाकडं बघत राहिला.

सुगंधा म्हणाली, ताई, हा काटा वावरातला होय नं?
होय म्हटलं.
मंग बरोबर हाय.
माहं गाठोडं डोक्यावर चाळीस भरते, याच्यावर छत्तीस.
पोट्ट्यालेबी त्यानं तेच केलं.

बाया हसल्या. तीही हसली.
माझ्याच अंगणवाडीत पाटीवर 'ग' गिरवायची ही,
हिशेब केला तर आता सतरा.
पहाट फुटायच्या आत वावरात जाते,
दुपारी छाती दाटून आली
की पऱ्हाटीच्या तासात बसून दूध पिळून टाकते.
तोवर घरी रितिकची आत्या, वय वर्षं सहा,
काळ्या चहात बिस्किट बुडवून त्याच्या तोंडात घालते.
ज्वारी होती तेव्हा आंबील तरी असायची.
आता बांधापर्यंत सरकी.

रात्री मी मिठाचा पुडा टांगला.
दुकानातला, न फोडलेला, वर छापलेलं : एक किलो.
काटा म्हणाला नऊशे.
तीनदा टांगला. नऊशे, नऊशे, नऊशे.

हे जेवत होते.
म्हणाले, ज्याचं मीठ खातो त्याचाच काटा आहे तो.
मी नुसता आकडा वाचतो.
मी काय बोलणार,
मीही नुसता आकडाच वाचते.

चार किलोचे चाळीस रुपये.
चाळीस रुपयांत पाच अंडी. एका दिवसाची.
दिवाळी ते संक्रांत, किती बाया, किती दिवस,
मी बोटं मोडायची थांबवली.

रजिस्टरात शेवटचा रकाना 'कारण', दोन बोटं रुंद.
अकरा वर्षं मी तिथं लिहीत आलेय : आईचं अज्ञान.
अक्षर चांगलं आहे माझं, बाई नेहमी म्हणतात.

तिसऱ्या दिवशी उपकेंद्रातून चांगला काटा आला.
रितिक आठ किलो, बरोब्बर.
लालचा पिवळा.
बाई फोनवर म्हणाल्या, बघा, तीन दिवसांत केवढी सुधारणा,
आधीचं पान बदलून टाका.
पान मी बदललं नाही, घडी घालून ठेवलं.
ते काही फार मोठं धाडस नाही.
काटा मात्र पुसून ह्यांना परत दिला.

सोमवारी दुसरी वेचणी सुरू होतेय.
बाभळीखाली बाया गाठोडी घेऊन रांगेत बसतील,
सुगंधा पदराच्या टोकानं कानामागचा घाम पुसेल.

तो पुडा अजून फोडलेला नाही.
माझ्या पिशवीत आहे, रजिस्टराच्या खाली.
दोन दिवस घरात वरण अळणी आहे,
आणि हे ताटावरून उठताना
काही विचारत नाहीत.