पिछाडीची खोली

मारुती मंदिराजवळ, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर
केतकी साळवीनं टेबलावर जहाज उलगडलं,
अकरा मजल्यांचं, कागदी, घडीवर थोडं फाटलेलं.
"काका, मधली घ्या. मध्ये बोट लागत नाही.
नाहीतर डावीकडची. गोव्याला जाताना
आपला सगळा किनारा त्या अंगाला."

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला
आणि बोट सरळ नेऊन टेकवलं शेपटाशी.
"ही."

"ती अगदी मागची आहे हो.
खाली इंजिन. रात्री पलंग थरथरतो,
कपाटातले हँगर वाजतात,
आणि जेवणघर पार दुसऱ्या टोकाला."
"तीस वर्षं जनरेटरच्या उशाशी झोपलोय," हे म्हणाले,
"तो बंद पडला तरच जाग येते मला."

मी गप्प. माझा जीव अडकला होता
गच्चीपायी वाढलेल्या चार हजारांत.
शिवाय रत्नागिरीहून मुंबईला उलटं जायचं
आणि रात्री आपल्याच घरावरून पुढे निघायचं,
हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

मग ह्यांनी तिला समजावलं,
साहेब तपासणीला आले की बोलायचे तसं, सावकाश:
"डावीकडची खोली जाताना जमीन दाखवील,
येताना नुसतं पाणी.
पुढच्या खोलीतून दिसलं दिसलं म्हणेतो कुशीला जातं.
मागून मात्र, मुली,
गेलेली गोष्ट बुडेपर्यंत दिसते."

कातळवाडीच्या दिव्याखाली दोन खोल्या होत्या आमच्या.
सड्यावर मी आमसुलं वाळत घालायची,
तिन्हीसांजेला गोळा करताना
लांबवर एखादी बोट जायची, लग्नघरासारखी उजळलेली.
एकदा विचारलं होतं मी,
तिथून कुणी बघत असेल का हो आपल्याकडे?
"दिव्याकडे बघतात," हे म्हणाले होते,
"दिव्याखाली कोण राहतं, ते कोण बघतंय."
आणि वात कापावी तसा विषय कापला होता.

बोट मला लागलीच.
आल्याच्या वड्या संपल्या, लिंबू हुंगून झालं,
टॉवेलचा केलेला हंस मी उशाखालून काढून
पोटाशी धरून बसले.
वरच्या मजल्यावर ढोल, माणसं, कुणाचा तरी वाढदिवस.
खाली आमच्या कठड्यामागे
पाणी उसवत चाललेलं, पांढऱ्या टाक्यांनी,
आणि थोड्या अंतरावर आपलं आपण शिवलं जाणारं.
वाऱ्याला डिझेलचा वास. तो मात्र घरचा वाटला.

बाराच्या सुमारास हे उठले.
खोलीतल्या बत्त्या बंद केल्या, न्हाणीघरातलीही,
टीव्हीच्या लाल ठिपक्यावर चिकटपट्टी लावली.
"डोळ्यांना काळोख पाजावा लागतो," म्हणाले,
"निदान वीस मिनिटं."

आम्ही बसलो पाजत.

आणि मग तो आला.
एक. दोन. मग थांबणं.
एक. दोन.
ह्यांनी मोजलंही नाही,
मनगटावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवून
नुसते मान हलवत राहिले.
"अर्धा सेकंद मागे पडतोय.
आता सगळं यंत्रावर. कोण सांगणार त्याला?"

मी दिव्याकडे बघतच नव्हते.
मी बघत होते त्याच्या खाली,
जिथे काहीही दिसत नव्हतं.
तिथे धुण्याची दगड होती, तिच्या डावीकडे पपई,
मधूच्या पाळण्याचा हूक, जो निघता निघाला नाही,
म्हणून रंगवून टाकला आम्ही भिंतीबरोबर.
तेवढ्या काळ्या तुकड्यात सगळं होतं.
बोट मला घेऊन पुढे चालली होती
आणि तोंड माझं घराकडे.

सड्यावर आज कुणी उभं असतं
तर त्याला दिसलं असतं उजळलेलं लग्नघर
आणि पिछाडीला एकच खिडकी विझलेली.

दिवा खाली खाली गेला,
नुसता उजेड उरला आभाळाच्या कडेला, मग तोही अधूनमधून.
"बुडाला," हे म्हणाले, आणि बटणाकडे हात नेला.

थांबा, म्हटलं मी.
एवढ्यात लावू नका.